मेंढी वाचली ती मालकिणींमुळे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. पशुधन वाटपाच्या योजनेवर सध्या सर्वच केंद्रांत विचार चालू आहे, त्या दृष्टीने ते येथे देत आहोत. – संपादक)



सकाळच्या बैठकीत पशुधन वाटपाच्या योजनेवर बरीच चर्चा झाली. गरजू कुटुंबाला जनावर द्यावे, याबद्दल कुणाचेच दुमत नाही. कोणते द्यावे, हा प्रश्न आहे. कुणी सुचवले, बाहेरच्या जिल्ह्यातून अंगाने थोराड शेळ्या आणू. कुणी म्हणाले, गावठी गाय असे दूध तरी किती देते, त्यापेक्षा संकरित गाय देऊ. देणगीदारांपुढे काही आकडे मांडावे लागतात, तीही अडचण खरी आहे.

नोकरीची सगळी वर्षे मी जनावरांच्या दवाखान्यात काढली. गावठी आणि संकरित यांचे गुणदोष मी तासभर सांगू शकेन. पण आज मी तुम्हाला अमेरिकेतील एका आदिवासी समाजाची आणि त्यांच्या मेंढीची हकिकत सांगणार आहे. ही मेंढी जवळजवळ नाहीशी झाली होती. तिच्यावर ही वेळ आली त्याला काही अंशी उघड वैर कारण होते, पण बऱ्याच अंशी मालकांचे भले करायला निघालेली माणसेच कारण होती. पुढे मालकांचा संघ उभा राहिला, म्हणून ती वाचली. आपणही भले करायला निघालेली माणसे आहोत, तेव्हा ही हकिकत आपल्या कामाची आहे.

मेंढी हेच जगणे

अमेरिकेच्या नैऋत्येस अॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या राज्यांत मिळून नवाहो लोकांचा राखीव प्रदेश आहे. ते स्वतःला ‘दिने’ म्हणतात, म्हणजे ‘लोक’. हा प्रदेश सुमारे सत्तर हजार चौरस किलोमीटर, आपल्या महाराष्ट्राच्या चौथाईहून थोडा कमी. तिकडच्या आदिवासींच्या राखीव प्रदेशांत हाच सर्वांत मोठा. उंच पठार, लाल खडक, पाऊस अगदी थोडा, उन्हाळा कडक आणि हिवाळ्यात बर्फ, अशी ती भूमी आहे.

मेंढी तिथली मूळची नव्हे. स्पॅनिश लोकांनी ती आणली. 1540 साली कोरोनाडोच्या मोहिमेबरोबर पहिली मेंढरे आली आणि 1598 साली ओन्यातेच्या वसाहतवाल्यांबरोबर न्यू मेक्सिकोत कळप स्थिरावले. स्पेनमधल्या ‘चुर्रा’ या साध्या, काटक जातीची ही मेंढी. नवाहोंच्या हाती आल्यावर दोन-तीनशे वर्षांत ती त्या भूमीची झाली. आज तिला नवाहो-चुरो म्हणतात.

तिचे गुण ऐका. अंगावर दुहेरी लोकर असते, आत मऊ बारीक थर आणि बाहेर लांब, राठ केस. पाऊस आणि बर्फ बाहेरच्या केसांवरून निथळून जाते, ऊब आत राहते. लोकरीत तेलकटपणा कमी, म्हणून ती धुवायला पाणी फार लागत नाही. जिथे घागरभर पाण्यासाठी मैलोगणती जावे लागते तिथे या एका गुणाची किंमत काय असेल, ते पाड्यावरच्या बायांना सांगायला नको. लोकर पांढरी, काळी, तपकिरी, करडी अशा नाना रंगांची. काही मेंढ्यांना चार शिंगे असतात. पोटाखाली आणि पायांवर लोकर नसल्यामुळे काटेकुटे अडकत नाहीत. थोड्या चाऱ्यावर भागते, लांब चालते, आणि कोकराला सोडून जात नाही. माणदेशातल्या धनगराला यात नवल वाटणार नाही. तो आपल्या दख्खनी मेंढीबद्दल असेच काहीसे सांगेल.

या लोकरीवर नवाहो स्त्रियांनी उभ्या मागावरचे विणकाम सोळा आणे साधले. त्यांची घोंगडी आणि गालिचे आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. त्या समाजात कूळ आईकडून चालते. मेंढरेही बहुधा बायकांच्या मालकीची. लहान मुलीला दोन-चार कोकरे दिली जातात, ती वाढवता वाढवता ती मोठी होते आणि तिचा कळपही वाढतो. मटण, लोकर, कातडे, पाहुणचार, धार्मिक विधी, देणे-घेणे, सगळे त्या कळपावर. ‘दिबे बे ईना’ असे ते म्हणतात. मेंढी हेच जगणे, असा त्याचा अर्थ.

दोनदा झालेला संहार

पहिला घाव शत्रूचा होता. 1863 साली अमेरिकन सैन्याने किट कार्सनच्या हाताखाली नवाहोंवर मोहीम काढली. मक्याची शेते जाळली, पीचच्या बागा तोडल्या, मेंढ्या मारल्या. उपासमारीने शरण आलेल्या माणसांना 1864 पासून शेकडो मैल चालवत बोस्के रेडोंडो नावाच्या छावणीत नेले. नवाहो या प्रवासाला ‘लांबची चाल’ म्हणतात. तिथे आठ-नऊ हजार माणसे डांबली गेली आणि त्यांतली सुमारे दोन हजार दगावली.

1868 साली तह झाला आणि त्यांना आपल्या भूमीत परत जायची मुभा मिळाली. त्या तहात एक कलम होते. सरकारने पंधरा हजार मेंढ्या-शेळ्या विकत घेऊन त्यांना द्याव्यात, खर्च तीस हजार डॉलरच्या आत असावा. माणशी जेमतेम दोन जनावरे. तेवढ्यावर आणि दऱ्याखोऱ्यांत काही कुटुंबांनी लपवून राखलेल्या मेंढ्यांवर पुढच्या साठ वर्षांत कळप पुन्हा लाखोंच्या घरात गेले. पशुधन वाटप म्हटले की मला हे कलम आठवते. त्या वाटपाला यश आले, कारण जनावर ओळखीचे होते आणि ते कसे वाढवायचे हे घेणारीला देणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक होते.

दुसरा घाव हितचिंतकांचा होता. 1930 च्या दशकात दुष्काळ पडला. चराईने जमिनीची धूप होत होती, गाळ वाहून जात होता. खाली कोलोरॅडो नदीवर मोठे धरण बांधले जात होते, ते गाळाने भरेल अशी भीती सरकारला वाटली. आदिवासी खात्याचे आयुक्त तेव्हा जॉन कोलियर होते. आदिवासींची भाषा, धर्म आणि जमीन टिकावी म्हणून झटलेला हा माणूस. त्यांच्याच कारकीर्दीत जनावरे कमी करण्याचा कार्यक्रम आला. लाखो मेंढ्या-शेळ्या नाममात्र मोबदल्यात घेतल्या गेल्या. बाजारापर्यंत नेणे परवडत नाही म्हणून अनेक ठिकाणी त्या वाड्यातच गोळ्या घालून मारल्या आणि तशाच टाकून दिल्या. बाया उभ्या राहून बघत होत्या.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. धूप होत होती हे खोटे नव्हते. जमिनीला भार जास्त झाला होता, हे काही नवाहोंनाही कळत होते. चूक उपायाच्या रीतीत झाली. अधिकाऱ्यांनी बोलणी केली ती समाजाच्या परिषदेशी, आणि त्या परिषदेत सगळे पुरुष. मेंढ्या बायकांच्या. ठराव एकाने केला, माल दुसरीचा गेला. विरोध सर्वांत जास्त बायकांनीच केला, पण त्यांना विचारायचे आधी कुणाला सुचले नव्हते. आज नव्वद वर्षांनंतरही त्या समाजात या प्रसंगाची आठवण ताजी आहे.

आपल्या बैठकांकडे याच नजरेने पाहा. पाड्यावर सभा होते, ओट्यावर पुरुष बसतात आणि शेळ्यांच्या योजनेवर अंगठे उठतात. शेळीला पाला कोण आणते, रात्री पिल्लू कोण सांभाळते, ती दाराआड उभी असते.

सुधारणेचा तिसरा घाव

संहाराचे दुःख निदान दिसते. तिसरा घाव न दिसणारा होता. विसाव्या शतकाच्या आरंभापासून सरकारी माणसांना वाटत होते की नवाहोंची मेंढी खुजी, मटण कमी, लोकर राठ. तिला ‘सुधारावे’ म्हणून राम्बुले आणि इतर जातींचे मेंढे कळपांत सोडले गेले. राम्बुलेची लोकर बारीक, दाट. गिरणीला ती उत्तम. पण तिच्यात तेलकटपणा भरपूर, त्यामुळे माती चिकटते आणि धुवायला पाणी फार लागते. तंतू आखूड आणि कुरळे, हातचातीवर नीट कातले जात नाहीत. सूत गाठाळ होते आणि गालिच्याची वीण बिघडते. गिरणीच्या मोजपट्टीने मेंढी सुधारली, मागाच्या मोजपट्टीने ती बिघडली.

पशुवैद्य म्हणून मी हा मुद्दा जरा जोर देऊन सांगतो. ‘सुधारित’ हा शब्द अर्धा आहे. कशासाठी सुधारित, कुणाच्या गोठ्यात, किती पाण्यावर आणि कुणाच्या बाजारासाठी, हे सांगितल्याशिवाय तो पुरा होत नाही.

विशेष म्हणजे सरकारलाही हे उमगले होते. न्यू मेक्सिकोत फोर्ट विंगेट येथे 1930 च्या दशकात मेंढी-संशोधन केंद्र निघाले. हातविणीला जुन्या वळणाची लोकरच योग्य, हे तिथल्या अभ्यासातून पुढे आले. केंद्राने जुन्या मेंढ्यांचा कळपही राखला. पण तो कळप केंद्राचा होता, लोकांचा नव्हता. 1960 च्या दशकात केंद्र बंद झाले आणि कळप विकला गेला, पांगला. संस्थेच्या आवारात राखलेले जनावर संस्थेच्या आयुष्याएवढेच जगते.

या सगळ्याचा परिणाम असा की 1970 च्या दशकात जुन्या वळणाच्या मेंढ्या साडेचारशेच्या आत उरल्या. एकेकाळी लाखोंनी होत्या त्या.

शोध आणि परतफेड

लाइल मॅकनील नावाचे पशुविज्ञानाचे एक प्राध्यापक कॅलिफोर्नियात शिकवत होते. तिथल्या एका पशुपालकाच्या रानावर त्यांना चार शिंगांची मेंढरे दिसली. ती कुठली, याचा माग काढत ते नवाहो प्रदेशात गेले. 1977 साली त्यांनी ‘नवाहो शीप प्रोजेक्ट’ सुरू केला. पुढे ते युटा राज्याच्या विद्यापीठात गेले, तेव्हा प्रकल्पही तिथे गेला. रस्ते संपतात त्या वस्त्यांवर जाऊन, म्हाताऱ्या विणकर बायांना विचारून, जुन्या वळणाची मेंढी कुठे उरली आहे ते शोधायचे, असे ते काम होते. ज्या आजीबाईंनी अधिकाऱ्यांच्या नजरेआड पाच-दहा मेंढ्या ठेवल्या होत्या, त्यांच्याकडे हे बियाणे शिल्लक होते.

अशा मेंढ्यांपासून मूळ कळप तयार केला, तो वाढवला आणि 1980 च्या दशकात मेंढरे नवाहो कुटुंबांना परत जाऊ लागली. प्राध्यापक महाशयांचा मोठेपणा आहेच. पण एका माणसाने वाचवलेले काम त्या माणसाबरोबर थकते. म्हणून पुढची पायरी महत्त्वाची. 1986 साली या मेंढीच्या मालकांचा संघ स्थापन झाला, नवाहो-चुरो शीप असोसिएशन. त्यात नवाहो आहेत आणि बाहेरचे मेंढपाळही आहेत. 1991 साली खुद्द नवाहोंची ‘दिने बे ईना’ ही संस्था निघाली. ‘दिने लोकांची जगण्याची रीत’ असा या नावाचा आशय.

असा संघ करतो काय?

आता आपल्या कामाचा भाग. मेंढीमालकांचा संघ म्हटला की फलक, अध्यक्ष, वार्षिक सभा एवढेच डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात तो चार कामे करतो.

पहिले काम, जनावराची ओळख शब्दांत उतरवणे. खरी नवाहो-चुरो कशी ओळखायची? लोकर दुहेरी आहे का, तेलकटपणा कमी आहे का, पाय आणि पोट मोकळे आहे का, बांधा कसा आहे. रंगाचे बंधन नाही. शिंगे दोन, चार किंवा मुळीच नसली तरी चालते. यात शहाणपण आहे. ओळख सैल ठेवली तर जात मिसळून जाते. रंगावर, शिंगावर फार काटेकोर राहिले तर उरलेल्या थोड्या मेंढ्यांतल्याही निम्म्या बाद होतात. ज्या गुणावर विणकरीण जगते तो गुण घट्ट धरायचा, बाकीच्या बाबतीत मोकळे राहायचे.

दुसरे काम, नोंदवही. या संघात मेंढीची तपासणी होते, लोकर पाहिली जाते आणि मगच नोंद होते. वही कायमची बंद केलेली नाही. कुठल्या दूरच्या वस्तीवर जुन्या वळणाची मेंढी सापडली, तिच्या आईबापाचा कागद नसला, तरी तपासणीत उतरली तर ती घेतात. ज्यांच्याकडे कागद कधीच नव्हते अशा मालकांसाठी हे दार उघडे राहणे फार मोलाचे.

तिसरे काम नराचे. इथे एक हिशेब सांगतो, तो लिहून घ्या. कळपात शंभर माद्या आहेत आणि नर एकच आहे. मोजायला एकशे एक जनावरे. पण पुढच्या पिढीतले सगळे भाऊबहीण एकाच बापाचे. रक्ताच्या विविधतेच्या दृष्टीने तो कळप चार जनावरांच्या कळपाएवढाच. तेच नव्वद माद्या आणि दहा नर ठेवले, तर संख्या एकाने कमी होऊनही हिशेब छत्तीसवर जातो. चारचे छत्तीस, केवळ नर जास्त ठेवल्यामुळे. पण गरीब कुटुंबाला दहा नर पोसणे परवडत नाही. वीस घरांनी मिळून ते परवडते. आज माझा नर तुझ्याकडे, दोन वर्षांनी तुझा तिसरीकडे. नर आपल्याच लेकींवर जाणार नाही, एवढी काळजी वहीवरून घेता येते. दुर्मीळ जनावराच्या मालकांना संघ का लागतो, याचे माझ्या मते हे सर्वांत खरे कारण. हे काम एकट्याने होतच नाही.

चौथे काम किमतीचे. ठोक बाजारात राठ, रंगीत लोकरीला भाव नाही. व्यापारी सगळी लोकर एकाच ढिगात टाकतो. तीच लोकर निवडून, स्वच्छ करून, रंगवार लावून हाताने कातणाऱ्या-विणणाऱ्या माणसाला दिली तर तो अनेक पटींनी भाव देतो, कारण त्याला हवी असते ती हीच. न्यू मेक्सिकोतल्या लोस ओहोस या खेड्यात स्पॅनिशभाषक मेंढपाळ कुटुंबांनी 1980 च्या दशकात याच मेंढीच्या लोकरीवर विणकरांचा उद्योग उभा केला. ‘स्लो फूड’ या आंतरराष्ट्रीय चळवळीने या मेंढीच्या मटणाला आपल्या संरक्षित पदार्थांत स्थान दिले. ‘दिने बे ईना’तर्फे ‘मेंढी हेच जगणे’ या नावाचा उत्सव भरत आला आहे. तिथे कातरणी, कताई, विणकाम शिकवतात, जनावरे पारखतात आणि आज्या नातवंडांना सांगतात. उत्सवाला हौस म्हणून हसू नका. शाळा-वसतिगृहांमुळे ज्या पिढीचा कळपाशी संबंध तुटला, तिला तो जोडून देण्याची ही जागा आहे.

आज या मेंढ्या हजारोंच्या घरात आहेत. संकट पुरते टळलेले नाही. दुष्काळ आहे, तरुण शहराकडे जातात, कळप राखणारे हात म्हातारे होत आहेत. पण कारभार आता मालकांच्या हाती आहे.

आपल्या सह्याद्रीत

कुणी म्हणेल, हे परक्या देशाचे झाले. तर जवळचे उदाहरण घ्या. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशातल्या मालधाऱ्यांकडे म्हशींची स्वतंत्र जात आहे. रात्री चरायला जाणारी, उन्हाळा सोसणारी. ती पिढ्यान्पिढ्या होती, पण सरकारी यादीत नव्हती. मालधाऱ्यांनी आपला संघ उभारला, संस्था आणि शास्त्रज्ञ मदतीला आले आणि 2010 साली कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने बन्नी म्हशीला मान्यता दिली. नाव मिळाले तशी किंमतही वाढली.

आपल्याकडे दख्खनी मेंढी पाहा. तिच्या काळ्या राठ लोकरीचे घोंगडे सनगरांच्या मागावर विणले जाते, चिंचोक्याची खळ देऊन ते कडक करतात. अंगावर घेतले की पावसात शेतकरी कोरडा आणि थंडीत उबदार. या मेंढीवरही मेरिनो आणि राम्बुलेच्या संकराचे प्रयोग झाले. आता लोकरीला भाव नाही म्हणून मेंढपाळ स्वतःच मटणासाठी अंगाने मोठ्या जातीचे नर आणतात. त्यांना दोष देता येणार नाही. कातरणीची मजुरीही लोकरीतून निघत नसेल तर त्यांनी काय करावे?

आणि आपल्या कार्यक्षेत्रातली डांगी गाय. अकोले, इगतपुरी, डांगच्या डोंगरात महादेव कोळी, ठाकर, कोकणा यांच्या दारात ती आहे. तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे मुसळधार पावसाचे पाणी अंगावर ठरत नाही. खूर काळे आणि कठीण, चिखलखडकांत टिकणारे. भाताच्या खाचरात चिखलणीला डांगी बैलाची बरोबरी करणारे जनावर मी पाहिलेले नाही. राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते, तिथे मालक बैलाला कसा सजवून आणतात ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ती गाय दूध कमी देते हे खरे. पण आषाढात सलग पंधरा दिवस पाऊस लागतो, दवाखाना डोंगराखाली आहे, रस्ता वाहून गेला आहे, अशा वेळी संकरित गाय आजारी पडली तर त्या बाईने काय करायचे? माझ्या नोकरीत एका पाड्यावर, मिळालेली संकरित गाय मेल्यावर, एक बाई मला म्हणाली होती, “डॉक्टरसाहेब, गाय फुकट मिळाली, पण ती जगवायला माझं भाताचं पैसं गेलं.” यात तिचा दोष नव्हता, आणि गायीचाही नव्हता.

संकरित जनावराला माझा विरोध नाही. जिथे पाणी, हिरवा चारा, दूध संकलन आणि डॉक्टर आहेत तिथे ते घर उभे करते, हे मी पाहिले आहे. जिथे यातले काहीच नाही तिथे ते ओझे होते. माझे म्हणणे इतकेच की निर्णय त्या जागेवरून आणि त्या मालकिणीकडून यावा.

आपल्या हाती काय आहे?

पाच गोष्टी सुचवतो. यांतली एकही मोठ्या खर्चाची नाही.

एक. वाटपाआधी प्रत्येक पाड्यावर जनावरांची गणती करा. गाय-बैल, शेळी, कोंबडी कोणत्या वळणाची आहे, पावसात कोणते टिकते, कोणते विकले जाते, हे विचारा. आणि जी सांभाळते तिला विचारा. बायकांची बैठक वेगळी घ्यावी लागली तर वेगळी घ्या.

दोन. जे चांगले गावठी जनावर आहे त्याचीच पैदास त्याच भागातून घेऊन गरजू घराला द्या. पैसा डोंगरातच राहील आणि घेणारीला जनावर ओळखीचे असेल. पहिली कालवड किंवा पाठ पुढच्या घराला द्यायची, ही रीतही बसवता येईल.

तीन. पाच-सहा पाड्यांच्या मालकांचा संघ करा. नोंदणी, ठराव, शिक्के नंतर होतील. सुरुवातीला एक शंभर पानी वही पुरे. जनावर कुणाचे, आई कोण, बाप कोण, कधी जन्मले, कुणाला दिले. आपल्या वसतिगृहातली आठवी-नववीची मुले सुट्टीत घरी गेली की ती वही लिहू शकतील. आजीला जनावराची तीन पिढ्यांची वंशावळ तोंडपाठ असते, नातवाने ती फक्त कागदावर उतरवायची. चांगला वळू आणि बोकड सामाईक ठेवायचा आणि दोन-तीन वर्षांनी तो पुढच्या पाड्याशी बदलायचा, हे संघाचे पहिले काम.

चार. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. 2002 च्या कायद्याने ती लोक-जैवविविधता नोंदवही ठेवते. तिच्यात झाडांबरोबर पाळीव जनावरांच्या स्थानिक जातींचीही नोंद करता येते. आपल्या संघाची माहिती तिथे नोंदवा. तसेच वनहक्क कायदा 2006 मध्ये चराईचा सामूहिक हक्क मान्य आहे. दावा करताना चराईची कुरणे आणि पाणवठे लिहायला विसरू नका. चरायला जागा नसेल तर नुसत्या जातीच्या गौरवाने पोट भरत नाही.

पाच. संघ मालकांचाच राहू द्या. वही आपल्या कार्यालयाच्या कपाटात नको, पाड्यावर हवी. आपण मदतनीस, पारख करणारे ते. फोर्ट विंगेटचा कळप केंद्राबरोबर पांगला आणि आजीबाईंच्या वाड्यातल्या पाच-दहा मेंढ्यांनी जात वाचवायला हातभार लावला, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

हे काम सावकाश चालणारे आहे. वर्षभरात दाखवण्यासारखे फोटो मिळणार नाहीत. गाय व्यायला, कालवड वाढायला, तिची वही भरायला वेळ लागतो. देणगीदारांना मी सांगेन की यंदाच्या अहवालात वाटलेल्या जनावरांचा आकडा लहान असेल. तीन वर्षांनी त्यांतली किती जगली आणि किती वाढली, हा आकडा मागा. तो आम्ही अभिमानाने देऊ.

उद्याच्या सत्रात आपण योजनेचा मसुदा नक्की करणार आहोत. त्याआधी आज रात्री प्रत्येकाने आपापल्या भागातल्या दोन अशा मालकिणींची नावे काढावीत, ज्यांच्या गोठ्यातले जनावर सगळा पाडा नावाजतो. आपली सुरुवात त्यांच्या अंगणातून करू.